काही ओतलंय का?

"ताई, काही ओतलंय का यात?"

प्रश्न एवढाच. विचारणाऱ्या प्लंबरचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. बाथरूमच्या कोपऱ्यात उकिडवा बसून तो मोरीच्या जाळीचा गंजलेला स्क्रू सोडवत होता. त्याच्या बाजूला पाइपात कॅमेरा घालायच्या केबलचं भलंमोठं रीळ, एक काळी पेटी, आणि मी दारात, हातात उगाचच एक टॉवेल धरून. "नाही," मी म्हणाले. इतक्या झटकन, की 'यात' हा शब्द त्याच्या तोंडातून पुरता निघाला असेल-नसेल. आदल्या रात्री साडेदहाला मी त्याच जाळीतून ड्रेन क्लीनरचा अख्खा डबा रिकामा केला होता. आणि तो डबा त्या क्षणी कचऱ्याच्या पिशवीत अगदी तळाशी, दोन जुन्या वर्तमानपत्रांखाली दडलेला होता. डबा दडवणाऱ्या बाईला 'माझ्या लक्षातच आलं नाही' असं म्हणायची सोय उरत नाही.

त्यानं फोनवरच बजावलं होतं, मी येईपर्यंत काही टाकू नका. पण पाणी तीन दिवस घोट्यापर्यंत तुंबून राहिलेलं, वर साबणाची राखाडी साय, आणि रात्री त्या पाण्यात पाय न बुडवता दात घासण्याची कसरत. वाटलं, एक शेवटचा प्रयत्न करून बघू. मोकळं झालं तर उद्या त्याला येऊच नका म्हणू. पांढरे दाणे खाली गेले, फसफसले, पाणी कोमट झालं, घशाला झोंबणारी वाफ आली. मला तर ते सगळं फार आशादायक वाटलं. डब्यावरची बारीक अक्षरं मी ओतून झाल्यावर वाचली. सकाळी पाणी होतं तिथंच होतं.

"बरं," तो म्हणाला. मग शर्टाच्या खिशातून आगपेटीएवढी एक चिमुकली वही काढली. आत पिवळसर कागदाच्या अरुंद पट्ट्या, पाण्यात आम्ल आहे की अल्कली ते रंगानं सांगणाऱ्या. एक फाडून त्यानं चिमट्यानं पाण्यात बुडवली आणि वर धरली. पट्टी जांभळट निळी झाली, शाळेतल्या दौतीसारखी. तो तिच्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. रिळाच्या पेटीचं उघडलेलं झाकण त्यानं शांतपणे परत लावून टाकलं.

"आज कॅमेरा नको. आधी हे पाणी काढू."

मी धावत जाऊन एक मोठं पातेलं आणलं. अपराधी माणूस मदतीला फार तत्पर असतो. तो म्हणाला, "ॲल्युमिनियमचं नको. प्लास्टिकची बादली द्या." आता साध्या तुंबलेल्या पाण्याला ॲल्युमिनियम का चालत नाही, हे विचारायला हवं होतं. अजाण माणसानं विचारलंच असतं. मी विचारलं नाही, मुकाट्यानं बादली आणली, आणि तिथंच आमच्या दोघांत सगळं उघड झालं. क्लीनरमधला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि खाताना हायड्रोजन सोडतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. त्यानं कोपरापर्यंत येणारे हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, मला दोन पावलं मागे सरकायला सांगितलं, खिडकी उघडायला लावली आणि हातपंपानं ते पाणी बादलीत ओढलं. दुसऱ्या संडासाची लाइन मोकळी होती. तिथं थोडं थोडं करत, भरपूर पाणी सोडत, ते ओतलं. जाताना म्हणाला, "परवा येतो. तोवर वरून साधं पाणी तेवढं टाका, हळूहळू झिरपेल. ॲसिड नको, ब्लीच नको, दुसरं क्लीनर नको. काहीच नको." त्या 'काहीच'वर जरा जोर होता. की मलाच तसा ऐकू आला?

तो गेल्यावर मी तो डबा वर्तमानपत्रांखालून उकरून काढला आणि नीट वाचला. त्या रात्री माझ्या बोटावर एक थेंब उडाला होता. बोट बुळबुळीत लागलं, साबण लागावा तसं, आणि मी नुसतंच पुसलं होतं. तो साबणच होता म्हणा. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो, पाइपातल्या चरबीचा करतो तसाच कातडीतल्या चरबीचाही. ॲसिडचा चटका लगेच कळतो. हा मात्र आधी गुळगुळीत लागतो आणि मग आत उतरतो. डोळ्यात गेला तर फारच वाईट. मी ते ओतून शांत झोपले होते, आणि दुसऱ्या दिवशी एक माणूस त्याच पाण्यात पंधरा-वीस मीटर केबल घालून ती हातांनी परत ओढणार होता. ओल्या केबलचा स्वभाव असा, की ती बाहेर येताना ज्यात बुडून आली त्याचे शिंतोडे उडवत येते. चेहरा भोकापासून हातभर लांब. एवढं सगळं एका 'नाही'त होतं.

मला माझ्या 'नाही'पेक्षा त्याच्या 'बरं'नं जास्त छळलं.

पोटाची गोष्ट आठवली ती यावरूनच. बाबांची दुर्बिणीनं तपासणी करायची होती. मराठीत आपण एंडोस्कोपीला 'दुर्बीण घालणं' म्हणतो याची मला नेहमी गंमत वाटते. दुर्बीण खरं तर दूरचं बघायला, आणि इथं ती घालायची ती माणसाच्या स्वतःच्या आत. पण विचार केला तर आपल्याला आपलं पोट चंद्राहून लांबच असतं. चंद्र निदान दिसतो. तर नर्सनं विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" आणि बाबा, आयुष्यभर हिशोबाची पै न चुकवलेले बाबा, म्हणाले, "छे." मी शेजारी उभी होते. सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात, दिवा न लावता, त्यांनी उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलले होते. मी पाहिलं होतं. गुंगीच्या औषधानं घशाचा पहारा सैल पडतो आणि पोटातलं उलटून श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून तो प्रश्न असतो. मी बोलले, बाबा रागावले, तपासणी दुपारवर गेली. परत येताना रिक्षात त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, एवढा शहाणा माणूस, असं का करतो! आता कळतंय. प्रश्न विचारणारा धोक्याबद्दल विचारत असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या शहाणपणाबद्दल विचारतोय.

त्या दुर्बिणीचा इतिहास मोठा मजेदार आहे. १८६८ साली अडोल्फ कुसमाऊल या जर्मन डॉक्टरला जिवंत माणसाच्या जठरात डोकवायचं होतं. नळी सरळ, ताठ, धातूची. ती कोण गिळणार? त्यानं तलवारी गिळून दाखवणारा एक खेळिया गाठला. नळी गेली, पण उजेड पुरेना. मग उजेडाला वाकायला शिकवण्यात जवळपास नव्वद वर्षं गेली. १९५७ साली काचेच्या तंतूंची लवचीक दुर्बीण आली तेव्हा कुठं जठर नीट दिसलं. मोरीत घालायच्या केबलमध्येही काचेचे तंतूच असतात, हे मला त्याच्या दुसऱ्या खेपेला कळलं. पण तिथं ते उजेड वाहत नाहीत. केबलला ढकलता येण्याजोगा ताठपणा देतात, तरी वळणावर मोडू देत नाहीत. चित्र आपलं साध्या तांब्याच्या तारेतून येतं.

दुसऱ्या खेपेला त्यानं प्रश्न विचारलाच नाही.

आला, पट्टी काढली, बुडवली, हिरवट, म्हणजे निर्धोक, झालेली पाहिली, कामाला लागला. मला राग आला. म्हणजे, कुठल्या तोंडानं राग यावा? पण आला. विचारलं असतं तर मी खरं सांगणार होते, सगळं, पातेल्यासकट. वाक्यं तयार होती. त्यानं ती संधीच दिली नाही.

केबल त्यानं बाथरूमच्या जाळीतून घातलीच नाही. जाळीखाली ट्रॅप, म्हणजे कायम पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप असतो, त्याचं वळण इतकं आवळ की कॅमेऱ्याची मान तिथं अडकते. बाहेर भिंतीलगत लाइनीला एक झाकणाचं तोंड होतं. इतकी वर्षं मी त्याला निरुपयोगी बूच समजत होते. ते उघडताना तो समोर उभा राहिला नाही, बाजूला झाला आणि आटे अर्धा-अर्धा फेरा सोडत गेला. आत पाणी साठलेलं असेल तर झाकण सुटताच सगळं अंगावर येतं. थोडं पाणी ओघळलं, थांबलं. मग त्यानं अंगठ्याएवढा कॅमेरा पेटीतून काढला. पुढं काच, काचेभोवती बारीक दिव्यांचं कडं, मागं स्टीलची स्प्रिंग म्हणजे मान. काचेवर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चोळला, तुपकट पाणी चिकटू नये म्हणून. आणि मला म्हणाला, "आतला नळ बारीक सोडा." बारीक धारेवर केबल सरकते, आणि पाणी कुठं वाहतं, कुठं थांबतं, तेही दिसतं.

पडद्यावर आधी नुसतं धुकं. मग एकदम एक पांढरा बोगदा उघडला. मी या घरात इतकी वर्षं राहते. इथली प्रत्येक फरशी मी पुसलीय. आणि त्या फरशीखालून हे एक लांबलचक घर चाललं होतं, ज्यात आमच्या सगळ्या आंघोळी, सगळे धुतलेले हात, रागाच्या भरात तोंडावर मारलेलं सगळं पाणी जात होतं, आणि मी ते कधीच पाहिलं नव्हतं. थोडी लाज वाटली, आपलं कपाट परक्यानं उघडल्यावर वाटते तशी. बाजूंना तपकिरी किटण, मध्येच केसांची एक वेटोळी, तळाशी चमचमती धार. पडद्याच्या कोपऱ्यात मीटरचा आकडा: १.८, २.४, ३.१. तो एका वेळी हातभरच केबल सरकवायचा, भोकाशी हात ठेवून, आणि दोन सरकवण्यांच्या मध्ये थांबायचा. मी विचारलं, एकदम ढकलली तर? म्हणाला, पुढचं टोक थांबलं आणि मागून रेटा चालू राहिला, तर पाइपाच्या पोकळीत केबल स्वतःवरच दुमडते. मग ती पुढंही जात नाही आणि मागंही येत नाही. रीळही तो सैल सोडत नव्हता, त्याच्या फासळ्यांत केबल दाबून बसलेली असते आणि सुटली तर चाबकासारखी उसळते. मी मदत म्हणून जमिनीवरचं एक वेटोळं पायानं सरकवायला गेले तर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पाय नको!" केबलला एकदा चीर पडली की ती तिथंच मोडते.

४.५ मीटरवर वळण आलं. चित्र भिंतीला नाक लावून उभं राहिलं. मला वाटलं, संपलं. त्यानं केबल वीतभर मागं घेतली, बोटांत जरा पिळली, परत पुढं. असं तीनदा. चौथ्यांदा भिंत बाजूला सरली आणि बोगदा पुन्हा सुरू झाला. त्या तीन वेळांत त्यानं जोर वाढवला नव्हता. मी असते तर दुसऱ्यांदाच दात-ओठ खाल्ले असते. मी तर डबा ओतणारी बाई.

सहाच्या पुढं कॅमेरा हळूहळू पाण्यात बुडाला. दोनेक फूट गढूळ हिरवं अंधारलेपण, आणि पुन्हा वर. "पाइपाला पोट सुटलंय," तो म्हणाला. खालची माती बसली की पाइप मध्येच खचतो, मीटरला एक-दोन सेंटिमीटरचा ढाळ मोडतो, आणि तिथं पाणी कायमचं वस्तीला येतं. ८.६ मीटरवर मात्र तो बोललाच नाही, नुसता थांबला. सांध्यातून मुळं आत आली होती. जाडजूड असतील अशी माझी कल्पना. ती केसांसारखी होती, शेकडो, धारेत एका दिशेनं हलणारी, दिव्यांच्या उजेडात जवळजवळ सुंदर. त्यांच्यात आमच्या घराचं सगळं अडकलं होतं: साबण, केस, दोऱ्या, आणि एक चकचकीत गोळा. तो माझ्या कॉस्टिकनं केलेला साबणच असावा. वरून वितळून गेला, गार झाला, आणि इथं येऊन पुन्हा घट्ट बसला. म्हणजे माझा डबा अगदीच वाया गेला नव्हता. त्यानं अडथळ्यात भर घातली होती.

मुळं कापायला मशीन घालण्याआधी त्यानं कॅमेरा त्या झुबक्याभोवती बराच वेळ फिरवला. काय शोधताय विचारलं तर म्हणाला, पिवळा पाइप. जमीन न खणता आडवं भोक पाडून गॅसची लाइन टाकतात, तेव्हा कधीकधी ती नकळत सांडपाण्याच्या पाइपातून आरपार जाते. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो. मग एक दिवस लाइन तुंबते आणि कुणीतरी न बघता फिरतं पातं आत घालतं. हे ऐकून मी गप्प झाले. आमच्याकडे पिवळं काही नव्हतं. त्यानं कॅमेरा पूर्ण बाहेर काढला आणि मगच मशीन घातलं. दोन्ही एकदम पाइपात असले तर पातं केबल गुंडाळून घेतं.

आत जातानाचं चित्र घाईचं असतं, खरं बघायचं ते परत येताना, असं तो म्हणाला. साफ झाल्यावर कॅमेरा पुन्हा आत गेला आणि त्यानं सगळी लाइन उलटी, सावकाश, रेकॉर्ड करत पाहिली. एका हातानं केबल ओढायची, दुसऱ्या हातात फडकं, आणि केबल त्या फडक्यातूनच बाहेर यायची. सांडपाण्यात जे असतं ते सगळं त्या केबलवर असतं. काविळीपासून लेप्टोस्पायरोसिसपर्यंतचं सगळं तोंडाला लागलेल्या हाताची नाहीतर बोटावरच्या एका खरचटण्याची वाट बघत असतं. मध्ये मी त्याला पाणी विचारलं. त्यानं हातमोज्यांकडे पाहून नुसती मान हलवली. सगळं आवरून, केबल जंतुनाशकानं पुसून, कोपरापर्यंत हात धुऊन झाल्यावर, म्हणजे तासाभरानं, स्वतःच म्हणाला, "आता द्या पाणी."

खचलेला भाग नेमका कुठं आहे ते शोधायला त्यानं अंगणात एक काठीसारखं यंत्र फिरवलं. कॅमेऱ्याच्या मानेत एक छोटा ट्रान्समीटर असतो, ५१२ हर्ट्झवर बोलणारा, आणि वरचं यंत्र त्याचा आवाज ऐकतं. नुसत्या मीटरच्या आकड्यावर विसंबून खणायचं नाही, कारण केबल वळणांत नागमोडी पडते आणि आकडा फुगतो. यंत्र जिथं सगळ्यात मोठ्यानं गायलं तिथं त्यानं खडूनं फुली मारली. शेवटच्या चेंबरचं झाकण उघडायची वेळ आली तेव्हा मी वाकून बघायला गेले, तर त्यानं हात आडवा धरला. चेंबर उघडं टाकून तो लांब बसला, कुंपणाशी. म्हणाला, सडक्या अंड्याचा वास आला तर बरं असतं. नाही आला तरच भीती वाटते. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास संपला म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. तो कधीच उतरत नाही, असं त्यानं सांगितलं. टोपी पडली, पकड पडली, मोबाइल पडला, तरी नाही. "म्हणून तर हे घेतलं," आणि त्यानं रिळावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

तेव्हा सांगायला हवं होतं. कुंपणाशी आम्ही दहा मिनिटं नुसते बसलो होतो. एवढा निवांतपणा कबुलीला पुन्हा मिळत नाही. मी म्हणाले, "ट्रॅपमध्ये पाणी असतं म्हणून घरात वास येत नाही, ना?" तो म्हणाला, हो, दोन इंचांचं पाणी, बस्स. तेवढ्यावर सगळं घर. मग त्यानंच सांगितलं, न वापरलेली मोरी महिनाभरात कोरडी पडते आणि लोक मेलेला उंदीर शोधत बसतात. आम्ही हसलो. माझी वाक्यं तशीच राहिली.

खचलेला पाइप नंतर बदलला. सांध्याचं काम मात्र मी पुढं ढकललं. मुळं परत येतात हे त्यानं सांगितलं होतं, सहा महिन्यांनी एकदा बघू म्हणाला होता. मध्यंतरी बाबांची पुन्हा एकदा दुर्बीण झाली. नर्सनं विचारलं तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं, "नाही. हिला विचारा हवं तर." नर्सला काहीच कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

सहा महिन्यांनी तो आला. तेच रीळ, तीच पेटी. पाणी तुंबलेलं नव्हतं, पण जरा रेंगाळत जात होतं. तो भिंतीलगत उकिडवा बसला, झाकणाचे आटे अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं सोडायला लागला, आणि वर न बघता म्हणाला,

"ताई, काही ओतलंय का यात?"

"नाही," मी म्हणाले. मग, "मागच्या वेळी ओतलं होतं. अख्खा डबा. आज नाही."

"हं," तो म्हणाला आणि खिशातून ती आगपेटीएवढी वही काढली. ऊन कमी होतं म्हणून मी बॅटरी धरली. पट्टी बुडाली, वर आली, थोडा वेळ काहीच झाली नाही, मग हिरवट झाली. त्यानं ती माझ्यासमोर धरली, मी पाहिल्याची खात्री करून पिशवीत टाकली, आणि हातमोजे चढवायला घेतले.